मेलेल्या पेटीचाही पंचनामा करा

प्रति,
पांढुर्णा जिल्ह्यात मधपेट्या वाटणारे, मधमाशीपालन शिकवणारे आणि जनावरांच्या दवाखान्यात काम करणारे सर्व अधिकारी यांस,

विषय : रोगाने मेलेल्या वसाहतीच्या पेटीचे पुढे काय करायचे, याबाबत.

महोदय,



पेट्या वाटपाच्या दिवशी मंडप पडतो, हारतुरे होतात, फोटो निघतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सौंसर, मोहगाव, लोधीखेडा या पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत म्हणजे माशीला काम आहे, हे तुम्ही ओळखले आणि शेतकऱ्याच्या बांधावर पेटी आणून ठेवली. चांगलेच केले. माझे म्हणणे त्या पेटीच्या पुढच्या दिवसांबद्दल आहे, आणि त्यातही वसाहत मेल्यानंतरच्या. तुमच्या रजिस्टरात लाभार्थ्याचे नाव, आधार क्रमांक, पेट्यांची संख्या आणि सही असे रकाने असतात. वर्षभराने त्यातल्या किती पेट्यांत माशी उरली, जिथे उरली नाही तिथे ती कशाने गेली आणि त्या पेट्या आज कोणाच्या घरी आहेत, याला रकाना नाही.

रकाना नसल्याने काय होते, ते सांगतो. वसाहत मरते. घरधनी चार दिवस हळहळतो. मग पेटी गोठ्याच्या माळ्यावर जाते किंवा बांधावरच झाकण उघडे पडून राहते. चौकटींत थोडा मध शिल्लक असतो. शेजारच्या शेतातल्या धडधाकट माश्या तो लुटायला येतात आणि मधाबरोबर रोगही घरी नेतात. पुढच्या हंगामाच्या तोंडावर कोणी तरी विचारत येतो, “तुमच्याकडे रिकाम्या पेट्या आहेत म्हणे?” पडत्या भावात सौदा होतो. घेणारा पेटी झाडतो, जळमटे काढतो, एखादा दिवस उन्हात ठेवतो आणि नवी वसाहत आणून बसवतो. तीही जाते. मग पारावर निकाल लागतो, की आपल्या भागात माशी टिकतच नाही, हे सगळे सरकारी अनुदानाचे खेळ. तुमची योजना अशी बदनाम होते आणि ज्या पेटीमुळे झाली ती तिसऱ्या घरी निघालेली असते.

मी मेलेल्या पोळ्याचा तुकडा घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. कार्यालयाचे नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या ठिकाणी वेगळे उत्तर मिळाले असते असे मला वाटत नाही. साहेबांनी तुकडा हातातही घेतला नाही. “धुऊन घ्या आणि वापरा,” म्हणाले. कशाने धुऊ, असे विचारल्यावर क्षणभर विचार करून म्हणाले, “फिनाइल टाका थोडे.” फिनाइलचा वास भरलेल्या पेटीत कुठली राणी नांदेल, हे विचारायचे राहून गेले. पुढे एका दवाखान्यात गेलो. तिथे सांगण्यात आले, की इथे जनावरे बघतात, किडे नाही.

या दुसऱ्या उत्तरावर मला आधी बोलायचे आहे, कारण ते कायद्याला धरून नाही. जनावरांमधील संसर्गजन्य व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ हा संसदेचा कायदा आहे. त्यात ‘प्राणी’ कोणाला म्हणायचे याची जी यादी आहे, तिच्यात गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, कोंबडी यांच्याबरोबर मधमाशीही आहे. कायद्याच्या परिशिष्टात मधमाश्यांच्या रोगांचा वेगळा गट आहे : अमेरिकन फाउलब्रूड, युरोपियन फाउलब्रूड, व्हरोआ आणि ट्रोपिलेलॅप्स हे कोळी, श्वासनलिकेतला कोळी आणि पेटीतला छोटा भुंगेरा. कलम ४ सांगते, की यातला रोग असल्याचा संशय आला तर मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला कळवायचे आणि तिथून ते जवळच्या पशुवैद्यकापर्यंत पोचायचे. म्हणजे माशीचा रोग हा सरपंच, सचिव आणि डॉक्टर यांच्या कामाचा भाग आहे. कागदावर तो पंधरा वर्षांपेक्षा जास्त काळ आहे. आता जनपद पंचायतीच्या एखाद्या बैठकीत हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे, ही माझी पहिली विनंती. खर्च शून्य आहे.

गोटमारीच्या, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेच्या, दिवशी पांढुर्ण्यात अख्खे प्रशासन उतरते. पोलीस, डॉक्टर, रुग्णवाहिका, सगळा सरंजाम. एका दिवसासाठी एवढे जमते, तर वर्षातून दोनदा एका माणसाने काडी आणि भिंग घेऊन पेट्या बघून जायला हरकत नसावी.

आता “धुऊन घ्या” या सल्ल्याबद्दल. तो अगदीच चुकीचा आहे असे नाही. काही रोगांत तो पुरतो, काहींत अपुरा पडतो आणि एका रोगात तो गावभर आग लावतो. कुठला रोग होता हे ठरवल्याशिवाय पेटी साफ करायची कशी, हे ठरूच शकत नाही. म्हणून आधी निदान, मग सफाई.

सर्वांत आधी विष वगळायचे. बहारात सिट्रस सायलासाठी फवारा मारला की सकाळी पेटीच्या तोंडाशी मेलेल्या माश्यांचा सडा पडलेला दिसतो. पुष्कळ माश्यांची जीभ बाहेर आलेली असते. आत पिल्ले मात्र बहुधा धड असतात, निदान सुरुवातीला. पिल्लांच्या रोगात चित्र उलटे असते. दारात फारसे काही दिसत नाही, वर्दळ हळूहळू कमी होत जाते आणि झाकण उघडले की आतली पिल्ले कुजलेली. विषाने मेलेल्या पेटीचे लाकूड धुऊन पुन्हा वापरता येते, परागकण भरलेली पोळी तेवढी काढून टाकावीत. रोगाची तऱ्हा वेगळी.

कोळ्यांनी मारलेली वसाहत असेल तर पेटी जाळणे हा वेडेपणा आहे. ट्रोपिलेलॅप्स पिल्लांवर जगतो. पिल्ले संपली की काही दिवसांत तोही संपतो. व्हरोआलाही माशीवाचून फार काळ काढता येत नाही. अशी पेटी खरवडून, धुऊन, काही आठवडे रिकामी ठेवली की कोळ्यांपुरता धोका संपला. मेणकिड्याची तर गोष्टच वेगळी. आमच्याकडे दर दुसरा माणूस सांगतो, की त्याची पेटी मेणकिड्याने मारली. तो बिचारा तेराव्याच्या जेवणाला आलेला पाहुणा. मयत आधीच झालेली असते. पोळ्यावर माशी पुरेशी असेल तर ती मेणकिड्याला थारा देत नाही. “मेणकिडा” एवढे लिहून फाइल बंद करणारा अधिकारी खरे कारण शोधायचे टाळतो, एवढेच.

सातेरीवर, म्हणजे आपल्या देशी पाळीव माशीवर, थाई सॅकब्रूड हा विषाणू येतो. अळी कोशात लांबट होऊन, डोके वर उचलून मरते. चिमट्याने काढली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अख्खी बाहेर येते. १९७६ मध्ये तो थायलंडमध्ये ओळखला गेला, १९७८ मध्ये ईशान्य भारतात दिसला आणि १९९१-९२ मध्ये केरळात पोचला तेव्हा तिथल्या सातेरीच्या दहातल्या नऊ वसाहती गेल्या. घराघरांत पेट्या असलेला प्रदेश वर्षभरात ओस पडला. एवढा संहार करणारा हा विषाणू वाळलेल्या अळीत मात्र फार काळ तग धरत नाही. पोळी वितळवून टाकली, पेटी सोड्याने धुतली आणि काही महिने मोकळी ठेवली तर ती पुन्हा वापरता येते.

युरोपियन फाउलब्रूडमध्ये अळी झाकण लागण्याआधीच मरते. वेडीवाकडी पिळवटते, पिवळसर पडते, आंबूस वास येतो. महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. १९७०च्या सुमारास महाबळेश्वर भागातल्या सातेरीत तो दिसला आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, ती याच कामासाठी. या रोगाचा जिवाणू बीजाणू तयार करत नाही, पण पोळ्यावर आणि लाकडावर बराच काळ टिकतो. इथे पोळी नष्ट करावी, पेटी खरवडावी, गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून काथ्याने घासावी आणि आतून आच द्यावी. सोडा सढळ हाताने लागतो : ५ लिटर पाण्याला १ किलो. हातमोजे आणि चष्मा हवेतच.

राहिला अमेरिकन फाउलब्रूड. नावावरून तो परदेशातला वाटतो. हिमालयाच्या पायथ्याशी त्याची नोंद होऊन कित्येक दशके झाली. तो मुख्यतः मेलिफेरा या बाहेरून आणलेल्या माशीवर येतो, आणि वाटप जर मेलिफेराच्या पेट्यांचे असेल तर हा विषय तुमच्याच टेबलावर आहे.

हा रोग ओळखायला प्रयोगशाळा लागतेच असे नाही, पहिली शंका काडीनेही येते. झाकण लागलेल्या घरांत काहींची झाकणे काळपट, तेलकट, आत दबलेली आणि मध्ये बारीक भोक पडलेली दिसतात. अशा घरात आगपेटीची काडी घालून ढवळायची आणि हळू बाहेर ओढायची. कॉफीच्या रंगाचा चिकट धागा दोन-तीन सेंटिमीटर किंवा त्याहून लांब ओढला गेला तर तिथेच थांबायचे. काडी त्याच पेटीत टाकायची. खिशात ठेवायची नाही, दुसऱ्या पेटीला लावायची नाही. पोळे जुने असेल तर धागा येत नाही, पण घराच्या खालच्या भिंतीला काळी खपली चिकटलेली असते आणि ती नखाने काढू म्हटले तर घर फाटते, खपली सुटत नाही.

त्या एका अळीच्या अवशेषात अडीच अब्जांपर्यंत बीजाणू असू शकतात. एक दिवसाच्या अळीला रोग व्हायला दहाच्या आसपास पुरतात. हिशेब तुम्हीच करा. हे बीजाणू ३५ वर्षे ठेवलेल्या पोळ्यातून काढले गेले तेव्हाही जिवंत होते. म्हणजे आजोबाच्या पेटीतला रोग नातवाच्या वसाहतीला होऊ शकतो. आमच्या मे महिन्याच्या उन्हावर लोकांचा फार विश्वास आहे. पारा ४५च्या घरात गेला की सगळे जंतू मरतात, असे समजून पेट्या गच्चीवर मांडल्या जातात. त्या उन्हात मेण मऊ होते, मेणकिड्याची अंडी-अळ्याही मरत असतील. या बीजाणूला ते ऊन जाणवतही नाही. उकळत्या पाण्याची आंघोळ घालूनही त्याची खात्री देता येत नाही. मेण वितळते ६२ ते ६४ अंशांवर, त्यामुळे रोगी पोळ्याचे मेण वितळवून मेणपत्रा पाडला तर बीजाणू सुखरूप मेणपत्र्यात जातात आणि अनेक नव्या पेट्यांत एकदम पोचतात. मेण विकत घेणाऱ्यांना कोणी विचारते का, की हे कुठल्या पेटीचे?

जगात यावर जे उपाय ठरले आहेत ते मोजकेच आहेत. चौकटी, पोळी, मध, मेण जाळायचे. लाकडी कोठ्या चांगल्या स्थितीत असतील तर खरवडून आतून ब्लो टॉर्चने भाजायच्या, किंवा १६० अंश तापवलेल्या पॅराफिनमध्ये १० मिनिटे बुडवायच्या. ऑस्ट्रेलियात गॅमा किरणांनी पेट्या निर्जंतुक करून देतात. न्यूझीलंडमध्ये रोगी वसाहत सात दिवसांत नष्ट करणे मालकावर बंधनकारक आहे आणि औषध देऊन ती टिकवायला परवानगीच नाही.

जाळायचे कसे, हे तुमच्या प्रशिक्षणात शिकवले जात असेल तर मला आनंद होईल. मी ज्या प्रशिक्षणाला बसलो होतो तिथे मध काढण्याच्या यंत्राचे हँडल फिरवून दाखवले, खड्डा कोणी खणून दाखवला नाही. म्हणून इथे लिहितो. वसाहत मेलेली कळताच पहिले काम म्हणजे पेटीचे तोंड आणि सगळ्या फटी बंद करणे. हे दुसऱ्या दिवसावर ढकलायचे नाही, कारण लूट सकाळी पहिल्या उन्हाबरोबर सुरू होते. खड्डा गुडघाभर तरी खोल हवा, बागेतल्या वाळल्या गवतापासून लांब. संध्याकाळी, बाहेरच्या माश्या घरी गेल्यावर जाळायला घ्यायचे. लाकडे रचून त्यावर चौकटी उभ्या लावायच्या. मध सहजी जळत नाही, वितळून खाली वाहतो. तो जमिनीवर पसरू नये यासाठीच खड्डा असतो. आग पूर्ण विझेपर्यंत तिथे थांबायचे आणि वर हातभर माती ओढायची. कोठ्या जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून पटाशीने खरवडायच्या, पडलेला चुरा कागदासकट त्याच आगीत. मग टॉर्च. लाकूड काळे कोळसा करायचे नसते. भाजलेल्या कॉफीचा रंग यावा, आणि ज्योत कोपऱ्यांत, सांध्यांत, चौकट टेकते त्या खाचेत जास्त वेळ धरावी. बीजाणू तिथेच बसलेले असतात. तळफळी जुनी, चिरलेली असेल तर तिचा मोह सोडावा. पटाशी, धुराचे यंत्र, चिमटा लाल होईपर्यंत तापवता येत नसतील तर निदान सोड्यात घासून आच द्यावी. प्लॅस्टिकचे सामान मेण आणि राळ काढून स्वच्छ केल्यावर अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये २० मिनिटे बुडवता येते. अंगावर मेणाचा थर असेल तर त्या द्रावणाचा उपयोग नाही. जुन्या पुस्तकांत फॉर्मलीन सुचवलेले आढळते. ते श्वासातून घेणाऱ्या माणसाला कर्करोगाचा धोका आहे आणि पोळ्याच्या तळापर्यंत ते पोचेल याची हमी नाही. कृपया ते पान आता फाडून टाकावे.

आपल्या जिल्ह्यात अमेरिकन फाउलब्रूड आहे असा माझा दावा नाही. तो नाही, असे तुम्ही कशाच्या आधारे म्हणाल, एवढेच विचारतो. मुरैना-भिंडच्या मोहरीवर हिवाळा काढून फेब्रुवारीत संत्र्याच्या फुलावर पेट्या आणणे व्यावसायिक मधपाळाला परवडते. सीमेपलीकडच्या काटोल, नरखेड, वरूडच्या बागा आमच्या बागांना लागूनच आहेत. राज्याची सीमा पटवाऱ्याच्या नकाशावर असते, माशीच्या नाही.

म्हणून दुसरी विनंती नमुन्याची. प्रत्येक तहसिलीत एक माणूस असा असावा, की जो मेलेल्या पोळ्याचा तुकडा घेईल, पावती देईल आणि पुण्याला किंवा जिथे तपासणी होते तिथे पाठवील. नमुना घेणे अवघड नाही. पिल्लांच्या पोळ्याचा तळहाताएवढा तुकडा, ज्यात मेलेली पिल्ले आहेत आणि मध नाही, कागदात गुंडाळायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला तर बुरशी चढते आणि निदान बिघडते. खोक्यावर गाव, मालक, पेटीचा क्रमांक. टपालाचा खर्च किती येईल? वाटपाच्या मंडपापेक्षा नक्कीच कमी.

तिसरी गोष्ट पैशाची आहे आणि ती मी जरा सविस्तर मांडणार आहे, कारण बाकी सगळे तिच्यावर अडते. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला. सरकारने लाखो कोंबड्या मारल्या आणि मालकांना भरपाई दिली. भरपाई का दिली? मालकाने रोग लपवू नये म्हणून. हेच तर्कशास्त्र माशीला लावा. हनी मिशनमध्ये एका लाभार्थ्याला १० पेट्या मिळतात. त्यातल्या चार रोगी निघाल्या आणि त्याला कोणी सांगितले, की चौकटी, पोळी, मध सगळे जाळ, तर तो मान हलवील आणि रात्री पेट्या मेव्हण्याच्या गावी पोचत्या करील. मी त्याला दोष देणार नाही. त्याच्या घरात तेवढेच भांडवल आहे. जाळलेल्या चौकटीच्या बदल्यात नवी चौकट आणि नवा मेणपत्रा, एवढे जरी हमखास मिळाले तरी निम्मे लोक स्वतःहून दाखवायला येतील. ब्रिटनमध्ये मधपाळांनीच चालवलेली विमा संस्था आहे, ती जाळलेल्या सामानाची भरपाई देते. आपल्याकडे राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानाला केंद्राने सुरुवातीलाच ५०० कोटी मंजूर केले. त्यातून पेटी घ्यायला अनुदान निघते. पेटी जाळायला का निघू नये?

हे होईपर्यंत विकासखंडाच्या पातळीवर एक सामाईक पॅराफिनची कढई आणि ती चालवणारा शिकलेला माणूस मागतो. १६० अंशांचे पॅराफिन घरच्या चुलीवर करण्याची गोष्ट नाही, माणूस भाजेल. आणि एक स्वप्नही मागून ठेवतो. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला २००२ पासून कांदा-आंब्यासाठी विकिरण केंद्र आहे. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला तिथे किमान ०.४ किलोग्रे मात्रा देतात. पेटीतल्या बीजाणूला १० किलोग्रे आणि वर लागते. पण नवी मुंबईत वाशीला २००० पासून मसाल्यांचे विकिरण होते आणि मसाल्यांची मात्रा साधारण त्याच पातळीची असते. म्हणजे यंत्र देशात आहे. हजारो पेट्या बाळगणाऱ्या मोठ्या मधपाळांच्या संघटनेने आणि तुम्ही मिळून एकदा विचारून तर बघावे. सौंसरच्या चार पेट्या ट्रकने वाशीला जाणार नाहीत हे मलाही कळते.

पेटीला ओळख हवी. रंगाने लिहिलेला क्रमांक एका पावसाळ्यात जातो आणि विकताना खरवडला जातो. तापवलेल्या लोखंडाने कोठीवर डाग द्या, जिल्हा आणि क्रमांक. २०२१ पासून मधुक्रांती पोर्टलवर मधपाळांची नोंदणी होते. तिथेच पेटी मेली, जाळली, विकली अशा तीन नोंदी जोडता येतील. जुनी पेटी विकायला बंदी घाला असे मी म्हणत नाही. गरीब माणूस जुनीच घेणार. ती कोणाकडून आली आणि तिच्यातली माशी कशाने मेली, हे त्याला कळले पाहिजे.

औषधाबद्दल थोडक्यात. पिल्ले कुजलेली दिसली की साखरेच्या पाकात ऑक्सिटेट्रासायक्लिन घाला, असा सल्ला अजून फिरतो. प्रतिजैविक बीजाणू मारत नाही. रोगाचा चेहरा झाकते, आणि ते थांबले की रोग परत दिसतो. तोवर त्या पेटीच्या चौकटी इतर पेट्यांत फिरलेल्या असतात. वर औषध मधात उतरते. जून २०१० मध्ये युरोपियन संघाने भारतीय मध घेणे थांबवले आणि ते नोव्हेंबर २०११ पर्यंत सुरू झाले नाही, ते अशा अवशेषांवर नियंत्रण आणि माग काढण्याची सोय नव्हती म्हणून. तुमच्यापैकी कोणी अजून ही पुडी देत असेल तर थांबवावे.

आणि भाषा. आमच्याकडे घरात मराठी, शाळेत आणि तहसिलीत हिंदी. भोपाळहून येणारी पत्रके हिंदीत असतात, पुण्याहून निघणारी चांगली माहिती मराठीत असते आणि ती सीमेपलीकडेच थांबते. रोगाचे चित्र, काडीची परीक्षा, खड्ड्याचे माप आणि कलम ४, एवढे एका कागदावर दोन्ही भाषांत छापा. तो कागद पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवूनच पेटी द्या. पेटी उघडणारा वाचील.

तुमच्यावर टार्गेटचे ओझे असते, एकेका माणसाकडे तीन-तीन विभागांचा कार्यभार असतो, वरून विचारणा होते ती वाटलेल्या पेट्यांचीच, हे सगळे मला दिसते. जिल्हा २०२३ साली झाला, अजून कित्येक खुर्च्या भरायच्या आहेत. त्यामुळे सगळे एकदम होणार नाही. पण रजिस्टरात एक रकाना वाढवायला नवीन पद मंजूर व्हावे लागत नाही. “वसाहत मेली : कारण : पेटीचे काय केले.” पुढच्या वाटपाआधी मागच्या यादीतल्या माणसांकडून या तीन गोष्टी भरून घ्या. ज्याच्या पेट्या मेल्या त्याला दोषी धरून यादीतून काढू नका, नाहीतर पुढच्या वर्षी सगळ्यांच्याच पेट्या कागदावर जिवंत राहतील.

माझ्यापुरते ठरले आहे. संशयास्पद पेटी दिसली की तिचे तोंड बंद करीन आणि कलम ४ प्रमाणे पंचायतीत लेखी अर्ज देऊन त्याची प्रत व कागदात गुंडाळलेला नमुना दवाखान्यात आणून देईन. अंबिया बहार फेब्रुवारीत फुलतो. त्याआधी नमुना कोणी घ्यायचा, हे आपसात ठरवून ठेवावे आणि पोचपावतीचा शिक्का टेबलावर असावा, ही विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
सौंसर तहसिलीतील एक संत्रा बागायतदार व मधपाळ